पडद्यापुढे पोर एकटं नको

पोरी, कार्टूनच्या सिनेमांनी मुलं बिघडतात का, असं तू विचारलंस, तेही कंपनीची बस यायच्या घाईत. जावईबापूंची चाकणला फिरती पाळी, तुझी निगडीची नोकरी, किवळ्याच्या घरात सासूबाई, पाच वर्षांचे चिरंजीव आणि दात येणारी धाकटी. एवढ्यात विचारायला वेळ काढलास हेच खूप झालं. तर माझं उत्तर ऐक. काही सिनेमे पोरांना भिववतात, काही उलट बोलायला शिकवतात, काही झोप पळवतात, हे खरं आहे. पण यातलं बहुतेक नुकसान पोर एकटं बघतं तेव्हा होतं. देहूरोडच्या बालवाडीत माझी हयात गेली. सकाळी सतरंजीवर टेकली की पोरं काल पाहिलेलं सगळं अंगात आणून दाखवायची; कुणी एकट्याने पाहिलंय आणि कुणी आजीच्या मांडीवर, हे मला न सांगता कळायचं.

हे सगळे कानमंत्र एका दमात पाळायला जाऊ नकोस. दोन धर, ते अंगवळणी पडले की तिसरा घे.

१. नवा सिनेमा पहिल्यांदा पोराच्या शेजारी बसून बघ, दुसऱ्यांदा लागला की भाजी निवडायला उठलीस तरी चालेल — पहिल्या वेळी पुढे काय होणार ते पोराला ठाऊक नसतं, आणि इथे हसायचं की घाबरायचं हे ते तुझ्या तोंडाकडे बघून ठरवतं.

२. मोबाइलपेक्षा टीव्ही बरा — मोबाइल एकट्याच्या मांडीवर मावतो. टीव्हीपुढे आजी बसते, शेजारची पोरं बसतात, आणि कुणीतरी ‘हे काय दाखवतायत’ असं म्हणतंच.

३. टीव्ही आतल्या खोलीत नको, ओट्याजवळून आवाज ऐकू येईल असा ठेव — पोळ्या लाटताना मान वळवता आली नाही तरी किंचाळणं, मारामारी आणि अचानक पडलेली शांतता आईच्या कानाला बरोबर कळते.

४. धाकटीला अजून काहीच दाखवू नकोस, ती रडली तरी — जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलंय की वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा अजिबात नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला तासाभराच्या वर नको, कमी तितकं उत्तम. चिरंजीव त्या वयातून नुकतेच बाहेर पडलेत, म्हणून त्यांना एकदम मोकळं रान देऊ नकोस.

५. तुकडे दाखवण्यापेक्षा एक अख्खा सिनेमा दाखव, हवा तर दोन दिवसांत वाटून — सिनेमाला शेवट असतो, हरवलेलं सापडतं, भांडलेले एक होतात, आणि पोर निवांत होऊन उठतं. यूट्यूबवर एक संपायच्या आत दुसरं सुरू होतं, पोराला उठायची जागाच मिळत नाही. ते आपोआप सुरू होणं सेटिंगमध्ये जाऊन आजच बंद कर.

हलती चित्रं परदेशातून आलेलं खूळ आहे असं तुझे सासरे म्हणायचे, ते मनावर घेऊ नकोस. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’ करून काड्या पडद्यावर नाचवल्या होत्या. पुण्याच्या प्रभात कंपनीने १९३४ साली ‘जंबूकाका’ नावाचं कार्टून केलं. महाराष्ट्रातली पोरं शंभर वर्षांपासून ही मौज बघत आलीत. तेव्हा आणि आत्तामध्ये फरक पडला तो एवढाच, की तेव्हा ती क्वचित बघायची, घरच्यांबरोबर बघायची, आणि दिवा लागला की उठून घरी यायची. ते ‘घरच्यांबरोबर’ आणि ते ‘उठून घरी’ तुला परत आणता येतं.

६. सिनेमा लावण्याआधी त्यात कोण मरतं ते माहीत करून घे — लहानांच्या सिनेमात मरण नसतं हा मोठ्यांचा भ्रम आहे. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०१४ साली छापून आलेल्या अभ्यासात ४५ गाजलेले कार्टूनपट मोठ्यांच्या सिनेमांशी ताडून पाहिले होते. कार्टूनपटांपैकी दोन तृतीयांशांत महत्त्वाचं पात्र पडद्यावर मरतं, मोठ्यांच्या सिनेमांत मात्र निम्म्यांतच. आणि मरतात कोण, तर पुष्कळदा आईबाप: १९४२ च्या ‘बांबी’त आई, १९९४ च्या ‘लायन किंग’मध्ये बाप, २००३ च्या ‘फाइंडिंग निमो’त सुरुवातीलाच आई.

७. असा प्रसंग यायच्या जरा आधी पोराला जवळ ओढ आणि हळूच सांग, ‘आता जरा वाईट होणार आहे, पण पिल्लू शेवटी सुखरूप असतं’ — गोष्ट आधी कळल्याने पोराची मजा जात नाही, धसका मात्र जातो. त्याला तीच गोष्ट पुन्हा पुन्हा का हवी असते, याचंही कारण हेच.

८. ‘लायन किंग’मधल्या सिंबाचा बाप मेला म्हणून पोर रडलं तर ‘अरे, ते खोटं असतं’ म्हणू नकोस — चित्र खोटं असलं तरी रडू खरं आहे. ‘वाईट वाटलं ना तुला’ एवढं म्हण आणि थांब; पुढचा प्रश्न तोच विचारेल. तो बहुधा तुझ्याविषयी असेल, ‘तू पण मरशील का?’ असा. घाबरू नकोस, सरळ सांग, की बहुतेक माणसं खूप म्हातारी झाली की जातात, आणि मी अजून पुष्कळ दिवस तुझ्या डब्यात पोळी-भाजी भरणार आहे. बालवाडीतल्या ज्या पोरांच्या घरी हे बोलणं व्हायचं, त्यांची आजी-आजोबा गेल्यानंतरची समजूत काढणं सोपं जायचं. सिनेमाने दिलेली ही संधी आहे, ती दवडू नकोस.

९. देवाचा सिनेमा म्हणजे लहानांचा सिनेमा, असं धरून चालू नकोस — २५ जुलै २०२५ ला ‘महावतार नरसिंह’ आला तेव्हा घरंच्या घरं पोरांना घेऊन निघाली. हिरण्यकश्यपूची गोष्ट आजी सांगते तेव्हा नरसिंहाची नखं पोराच्या मनाला झेपतील एवढीच लांब होतात. पडद्यावर ती किती लांब करायची, हे कुणा दुसऱ्याने ठरवलेलं असतं. आधी आजीकडून ऐकू दे, मग पडद्यावर बघू दे.

१०. तिकीट काढायच्या आधी सेन्सॉरचा शिक्का बघ — २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर ‘यूए’चे तीन भाग झालेत, सात वर्षांवरचं, तेरावरचं आणि सोळावरचं. कार्टून दिसलं म्हणून आकडा वाचायचा राहू नये.

११. थिएटरात पोराने डोळे झाकले तर पाच मिनिटं बाहेर घेऊन ये, लागलं तर परत जाऊच नकोस — तिकिटाचे पैसे तसेही गेलेत, रात्रीची झोप तरी वाचव. ‘घाबरट कुठला’ हा शब्द मात्र जावईबापूंनीही काढू नये. त्या शब्दाने पोर धीट होत नाही, भीती लपवायला शिकतं.

१२. भीतीचं काहीही तिन्हीसांजेनंतर नको — दिवसा पाहिलेलं खेळण्यात जिरतं, रात्री पाहिलेलं अंथरुणात उरतं.

आता मारामारीचं. यावर आयांच्या चर्चा फार होतात आणि उपाय कमी होतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

१३. मारामारी नसलेलाच सिनेमा शोधत बसू नकोस — अमेरिकेत १९३७ ते १९९९ या काळातले, सगळ्यांनी बघण्याजोगे म्हणून पास झालेले ७४ कार्टूनपट तपासले गेले. २००० साली निष्कर्ष छापून आला, की एकही सिनेमा हिंसेवाचून नव्हता. त्यापेक्षा मारून कोण जिंकतं आणि बोलून, युक्तीने कोण जिंकतं, ते बघ. दुसऱ्या प्रकारचे निवड.

१४. फटका बसल्यावर पोराला विचार, ‘खरंच कुणाला असं लागलं तर?’ — १९४० पासून टॉम मांजर तव्याखाली चपटं होतंय आणि पुढच्या क्षणी उठतंय. शेजारचा मुलगा तसा उठत नाही, हे पोराला सांगावं लागतं.

१५. नक्कल करणार हे गृहीत धर, आणि नक्कल करायला जागा दे — स्टॅनफर्डच्या बालवाडीत बांडुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६३ साली पोरांना बाहुल्याला बडवणाऱ्या माणसाची फिल्म आणि मांजराच्या वेशातल्या पात्राची कार्टूनसारखी फिल्म दाखवली. पोरांनी दोन्हींची नक्कल केली, कार्टूनला ‘हे चित्रातलं’ म्हणून सोडलं नाही. तुझ्या पोराला एक जुनी उशी दे, ‘हिलाच मारायचं, धाकटीला नाही’ असं ठरवून दे. सिनेमा संपल्यावर पाऊण तास गल्लीत हुंदडू दे, अंगातलं सगळं मोकळं होतं.

१६. गॅलरीला जाळी लाव आणि खिडकीखालचा सोफा हलव, हे सिनेमा लावण्याआधी कर — किवळे-रावेतच्या उंच इमारतींत राहायला गेलीस हे छान झालं. पण उडणारा वीर बघून पोर खुर्चीवर चढतं, आणि ते कुठल्या खुर्चीवर चढावं हे आपल्या हातात आहे.

१७. ज्या वाक्याला घर हसतं, ते वाक्य घरात राहतं. म्हणून पोर कार्टूनमधल्या शिनचॅनसारखं उलट बोललं की हसू दाबून ठेव — मोठ्यांच्या हसण्याइतकं मोठं बक्षीस पोराला दुसरं नसतं. आणि शिनचॅन मुळात १९९० साली जपानमधल्या मोठ्या माणसांच्या मासिकात आला होता, लहानांसाठी नव्हे. आपल्याकडे २००८ साली सरकारने तो बंदच करायला लावला, नंतर काटछाट होऊन परत आला. बंदी घालून तो गेला नाही, तेव्हा तू घरात बंदी घातलीस तरी जाणार नाही. त्यापेक्षा शिनचॅनच्याच आईची बाजू घेऊन बोल, ‘बिचारी किती दमली असेल’. पोरं न्यायाला पटकन येतात.

१८. डोरेमॉन बघायचा तर, त्याने नोबितासाठी खिशातून यंत्र काढलं की थांबवून विचार, ‘यंत्र नसतं तर नोबिताने काय केलं असतं?’ — पोराचं डोकं त्या प्रश्नावर चालतं. गृहपाठासाठी खिशातून काही निघेल याची वाट बघायची सवय लागू नये.

१९. सिनेमा कुठल्याही भाषेत बघू दे, पण त्याची गोष्ट रात्री तुला मराठीत सांगायला लाव — कार्टूनची भाषा पोरांच्या जिभेवर किती बसते ते बांगलादेशाला विचार. तिथली पोरं हिंदी बोलायला लागली म्हणून २०१३ साली सरकारने हिंदी डोरेमॉन बंद केला. आपल्या देहूरोडला लष्करी डेपोमुळे देशभरातली माणसं येऊन वसली, तमिळ, तेलुगू, पंजाबी, नेपाळी कानावर पडतं, आणि पोरांचं एकमेकांत हिंदी चालतं. त्यात वाईट काही नाही, चार भाषा येणं हे धनच आहे. फक्त ‘मम्मी, मुझे भूक लगी’ म्हणत पोर आलं तर पोळी वाढताना मराठीत बोलत राहा, टोकू नकोस. ‘प्रभो शिवाजी राजा’सारखा मराठी कार्टूनपट २०१८ साली आला होता, तसं मिळालं की आवर्जून दाखव.

२०. वाईट माणूस नेहमी काळाच का रंगवलाय, असं पोरासमोर मोठ्याने म्हण — छोटा भीम २००८ पासून घराघरांत आहे आणि त्यातल्या दांडगट पोराचं नावच कालिया. तुझ्या पोराच्या वर्गात प्रत्येक रंगाची मुलं आहेत. बालवाडीत एका मुलीला पोरं ‘कालिया’ म्हणायची आणि ती पाणी प्यायलासुद्धा उठेनाशी झाली होती. हे मला सिनेमातल्या मारामारीपेक्षा जास्त टोचतं, आणि याबद्दल कुणी बोलत नाही.

२१. घास तोंडात, तर डोळा ताटात — पडद्यापुढे पोर किती खातं हे त्याला कळत नाही आणि तुलाही कळत नाही. शिवाय कार्टूनमधल्या भीमाचे लाडू नि मोटूचे सामोसे बघून वरणभात बेचव लागतो.

२२. शाळेला निघायच्या आधी आणि अभ्यासाला बसायच्या आधी भराभर पळणारं कार्टून नको — ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात २०११ साली ६० चार वर्षांच्या मुलांचा प्रयोग छापून आला: नऊच मिनिटं भरधाव कार्टून पाहिलेली मुलं लगेच नंतर थांबायला, लक्षात ठेवायला, सूचना पाळायला चित्रं काढत बसलेल्या मुलांपेक्षा मागे पडली. संथ सिनेमा निवड. जपानी दिग्दर्शक मियाझाकींचा १९८८ चा ‘माय नेबर टोटोरो’ बघ. त्यात खलनायकच नाही, पाऊस आहे, झाड आहे, आजारी आईची वाट बघणाऱ्या दोन बहिणी आहेत, आणि पोरं जागची हलत नाहीत.

२३. खोलीतला दिवा चालू ठेव आणि पोराला पडद्यापासून लांब बसव — १६ डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळा उजेड झपाझप चमकला आणि ६०० हून जास्त मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं. मालिका चार महिने थांबवली गेली. तेव्हापासून तिकडे कार्टूनच्या सुरुवातीलाच ‘उजेडात बसा, लांब बसा’ अशी सूचना येते. पोराला कधी ताप चढून झटका आला असेल तर असले चमचमाटाचे सिनेमे दाखवण्याआधी डॉक्टरांना विचार.

२४. ओळखीचं चित्र दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नकोस, दाखवणारं चॅनेल कुणाचं आहे ते बघ — २०१७ साली यूट्यूबवर लाडक्या कार्टूनांचे चेहरे घेऊन केलेले भलतेसलते व्हिडिओ इतके सापडले की कंपनीला चॅनेलच्या चॅनेल काढून टाकावी लागली. ‘यूट्यूब किड्स’मध्ये आपण निवडलेलंच दिसेल अशी सोय आहे, जावईबापूंना सुट्टीच्या दिवशी तेवढं काम दे.

२५. बंद कधी करायचं ते सुरू करण्याआधी ठरव, आणि बंद करायचं बटण पोराच्याच हाताने दाबव — ओरडून बंद केलेलं उद्या दुप्पट उघडतं. मध्येच तोडू नकोस, प्रसंग पुरा होऊ दे. तुलाही कुणी मालिकेच्या ऐन वेळी उठवलं तर आवडत नाही.

२६. रात्रपाळी करून आलेला बाप दिवसा झोपलाय, म्हणून पोराला गप्प बसवायला मोबाइल दिला जातो. आपल्या या पट्ट्यातल्या घराघरांत हे चालतं आणि त्याबद्दल तू जीव जाळू नकोस. फक्त त्या तासाला एकच ठरलेला सिनेमा लाव, आवाज बारीक ठेव आणि सासूबाईंना शेजारी बसव — गप्प बसायचा तास रोज वेगळा आणि अमर्याद असला की तोच दिवसभराचा होतो.

२७. सासूबाईंना ‘तुम्ही त्याला फोन का दिलात’ असं विचारू नकोस, ‘आज काय पाहिलं त्याने, तुम्हाला कसं वाटलं’ असं विचार — त्यांचे गुडघे दुखतात, पोरामागे धावणं त्यांना होत नाही. पण सिनेमा बघून त्यावर बोलायचं काम त्या तुझ्यापेक्षा चांगलं करतील. जबाबदारी दिली की माणूस चष्मा लावून बघतो.

२८. पोर सतत रात्री दचकून उठतंय, सुटलेली अंथरूण ओलं करायची सवय परत आली, एकटं मोरीत जायला घाबरतंय, असं चार-आठ दिवसांच्या वर चाललं तर सिनेमाला दोष देत न बसता बालरोगतज्ज्ञांना दाखव — कधी कारण सिनेमा असतं, कधी शाळेतलं किंवा घरातलं दुसरंच काही, आणि पोराला ते सांगता येत नाही.

२९. रविवारी सिनेमाऐवजी घोरावडेश्वरला चढवून आण — जंगलबुकातलं जंगल पाहिलेल्या पोराला खरी लेणी, खरी माकडं आणि पायऱ्यांवरची खरी धाप दाखवली, की पडद्याची जागा त्याला आपोआप कळते. उन्हाळ्यात मात्र सकाळी लवकर जा, आणि पिशवीत पाणी भरपूर ठेव.

३०. आणि हे सगळ्यात आधी करून बघ: एका वहीच्या कोपऱ्यात पानापानावर चेंडू काढ, दर पानावर थोडा खाली सरकवत, आणि अंगठ्याने भराभर पानं उडव — चेंडू पडताना दिसला की पोराला उमगतं की चित्र हलत नाही, कुणीतरी हलवतं. ज्या पोराने स्वतः राक्षस काढून हलवला, ते पडद्यावरच्या राक्षसाला पूर्वीइतकं भीत नाही. कुणी काढला, कसा काढला, असं विचारू लागतं. आधी चेंडू काढू दे, मग उडणारा पक्षी, मग त्याला हवा तो राक्षस. वही जाड पानांची घे आणि पेन्सिल मऊ दे; पातळ पानं अंगठ्याखाली एकाला एक चिकटतात आणि पोर चिडतं.